वहीशिवाय निगेटिव्ह देऊ नका : खानदेशातल्या फोटो स्टुडिओवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतले समस्त फोटो स्टुडिओवाले, त्यांची मुलं-नातवंडं आणि ज्यांच्या माळ्यावर एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या पेट्या पडून आहेत अशी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी धुळ्यातल्या एका दप्तरखान्यात इंटर्न आहे. जुने फोटो पेटीतून काढायचे, धूळ झटकायची, नंबर टाकायचे, स्कॅन करायचे आणि त्यांच्यावरून शहर कसं वाढलं, कोण आलं, कोण गेलं ते शोधायचं, हे माझं काम. मानधन चहापाण्यापुरतं आहे, पण आज तक्रार त्याबद्दल नाही. या कामासाठी तुमच्यातल्या अनेकांच्या दुकानी मी येऊन गेले आहे. कुणी स्वतः शिडी लावून पेटी खाली काढून दिली. कुणी "आता काय राहिलंय त्यात, पोरी" म्हणत चहा पाजून वाटेला लावलं. दोघांचेही आभार.

हे पत्र फोटो मागायला लिहीत नाही. फोटो मागणारे पुष्कळ झालेत. मला मागायची आहे ती वही. तीच, गल्ल्याशेजारी पडलेली, लाल कापडी बांधणीची नाहीतर शाळेच्या दोनशे पानांची, जिच्यात तुम्ही किंवा तुमच्या वडिलांनी तारीख, नंबर, नाव, गाव, साइज, कॉपी, जमा आणि बाकी असं रोजच्या रोज लिहिलं. निगेटिव्ह विकायचं, फेकायचं किंवा कुणाला द्यायचं ज्या दिवशी ठरवाल, त्या दिवशी ही वही त्यापासून तोडू नका, एवढीच विनंती आहे. पण ती का, हे नीट सांगितल्याशिवाय तुम्ही ऐकायचे नाही, आणि ऐकूही नये.

आमच्याकडे फोटो येतात ते बहुतेक सुटे. कॅरीबॅगमध्ये, बिस्किटाच्या डब्यात, रबर लावलेल्या गठ्ठ्यात. रबर वितळून वरच्या फोटोला चिकटलेलं असतं. निगेटिव्हच्या कडेला सुईनं खरवडलेला नंबर दिसतो, १८४ किंवा २२०७ असा काहीतरी. तो नंबर म्हणजे पत्ता आहे, पण ज्या घराचा पत्ता आहे ते घरच पाडून टाकलेलं. मग आम्ही भिंग घेऊन बसतो.

आग्रा रोडचा एक फोटो आला होता. दुपारची वेळ, सायकली, एक टांगा, दुकानांची रांग. मागे अक्षर नाही. भिंगाखाली धरला तर एका भिंतीवर बैलजोडी रंगवलेली दिसली. बैलजोडी हे काँग्रेसचं चिन्ह. ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून १९६९ च्या फुटीपर्यंत चाललं. पुढे १९७१ च्या निवडणुकीत गाय-वासरू आलं आणि १९७८ मध्ये हात. म्हणजे फोटो १९५१-५२ च्या आधीचा नाही. शेजारच्या दुकानाच्या पाटीवर 'जि. पश्चिम खानदेश'. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. महाराष्ट्र राज्य आलं तेव्हा ती नावं गेली, धुळे आणि जळगाव ही नावं आली. तेव्हा फोटो १९६० च्या आधीचा म्हणावा का? इथे मात्र सांभाळावं लागतं. दुकानदार जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावत नाही. पाटी वीस वर्षंही तशीच राहते.

त्यामुळे टिकाऊ वस्तूंवर मी कमी विश्वास ठेवते. पाटी, इमारत, माणसाची टोपी यांच्यापेक्षा पटकन नाहीशा होणाऱ्या गोष्टी जास्त खरं बोलतात. भिंतीवरचा सिनेमाचा कागद पहिल्या पावसात जातो. सणाची कमान चार दिवसांत उतरते. (अर्थात मुंबईला लागलेला सिनेमा धुळ्याला कधी पोचायचा याचा नेम नसे, तेव्हा तिथेही आगाऊ खूश व्हायचं कारण नाही.) फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल आणि त्यात ४२४००१ असेल, तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. गाडीची पाटी एमएच १८ किंवा एमएच १९ पासून सुरू होत असेल, तर १९८९ नंतरचा. निगेटिव्हचं पाकीट उटीच्या कारखान्याच्या 'इंदू' फिल्मचं असेल, तर साधारण १९६७ च्या अलीकडचं. अशी एकेक खुंटी ठोकत आम्ही एका फोटोपाशी दिवस घालवतो. हाती लागतं काय? पाच-सात वर्षांचा पट्टा.

आग्रा रोडच्या त्या फोटोची वही पुढे मिळाली. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, वही नातवाकडे होती, आणि मागच्या कोऱ्या पानांवर त्याच्या लहानपणीची गणितं होती. नंबर लावून पाहिला. पुढे तारीख, दुकानदाराचं नाव आणि तीन शब्द : 'नवी पाटी, बाहेरून'. तो फोटो रस्त्याचा नव्हताच. नव्यानं रंगवलेल्या पाटीचा होता. रस्ता, टांगा, बैलजोडी, सायकलवाला हे सगळे पाटीबरोबर फुकट आले होते. आमचा दिवसभराचा तर्क एका ओळीनं मिटवला आणि वर तो फोटो कुणी, कशासाठी, किती पैसे देऊन काढून घेतला हेही सांगितलं. ते कुठलंही भिंग सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, बाहेरचे फोटो समजले, पण आमच्या पेट्यांत नव्वद टक्के माल म्हणजे नवरा-नवरी, बाळाचं जावळ, पासपोर्ट आणि शाळेचा ग्रुप. त्यात शहराचा कसला इतिहास?

तोच तर आहे. सरकारी कॅमेऱ्यानं काय टिपलं ते आठवून बघा. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळं मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. आपण आजही पत्ता गल्ली नंबरनं सांगतो. पुढे कॅमेरा आला तो साहेबांच्या आणि इंजिनिअरांच्या हातात. त्यांना पूल, कचेरी, लेणी, दरबार आणि नमुन्याला उभी केलेली माणसं हवी होती. साक्री तालुक्यातल्या दातर्तीच्या सायफनचं (नळीतून पाणी पलीकडे नेणाऱ्या बांधकामाचं) काम १८८४ च्या सुमारास तरुण विश्वेश्वरय्यांकडे आलं, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या कामावर माती उपसणारे कोण, याचं उत्तर कुठल्याच अल्बममध्ये नाही. आणि माणसांचे म्हणून जे फोटो त्या काळी काढले गेले, त्यांत भिल्ल माणूस 'भिल्ल, खानदेश' एवढ्याच मजकुरानं उभा आहे. नाव नाही, गाव नाही. हातात धनुष्य दिलेलं, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी.

आता शहादा-तळोदा भागातल्या एखाद्या साध्या स्टुडिओची वही उघडा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पानं भरून नोंदी दिसतात. नाव, पाडा, 'नवरा-बायको उभे', कॅबिनेट साइज, कॉपी दोन, जमा इतके, बाकी इतके. बाई अंगावर घरची सगळी चांदी घालून सरळ भिंगात बघतेय, कारण या वेळी पैसे तिच्या घरचे आहेत आणि फोटो तिच्या भिंतीवर लागणार आहे. तीच माणसं, तोच प्रदेश. एका ठिकाणी ती नमुना आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक. हा फरक तुमच्या वहीतल्या 'नाव' आणि 'बाकी' या दोन रकान्यांनी केलाय. वही गेली, की त्या बाईच्या फोटोखाली आम्हीही नाइलाजानं 'आदिवासी जोडपं, साल अज्ञात' असं लिहितो. साहेबानं लिहिलं होतं त्याहून फार वेगळं काही नाही ते.

बाकीच्या रकान्याबद्दल आणखी एक. कापसाला भाव नसला की बाकी वाढते. कुठल्या महिन्यात लग्नाचे ग्रुप एकदम थांबले, कुठल्या वर्षी गावाकडची गिऱ्हाइकं आलीच नाहीत, ते ओळीनं दिसतं. दुष्काळाचे आकडे सरकारी अहवालात मिळतात. दुष्काळात कुणी मुलाच्या बारशाचा फोटो काढून घेतला पण न्यायला परत आला नाही, ते फक्त तुमच्याकडे मिळतं. न नेलेल्या फोटोंची ती वेगळी पाकिटं असतात ना, खालच्या खणात, ती तर कृपा करून अजिबात टाकू नका.

आणि पडदे! रंगवलेले पडदे. तळ्यातली कमळं, संगमरवरी खांब, कुठेच न जाणारा जिना, मागे डोंगर. खानदेशात कुठेच दिसणार नाही असा. आम्ही काही प्रिंट घेऊन धुळ्याच्या देवपूर भागात म्हाताऱ्या मंडळींना दाखवत होतो. फोटोतलं माणूस कुणालाच ओळखू येईना. एक आजोबा पुढे झाले, माणसाकडे पाहिलंच नाही, म्हणाले, "हाऊ आपला आण्णाना पडदा शे ना!" आणि लगेच आण्णांचं दुकान कुठे होतं, जिना कसा होता, उन्हाळ्यात आत किती उकडायचं ते सुरू. तेव्हापासून आम्ही पडद्यांची वेगळी नोंद ठेवतो. एकच पडदा वर्षानुवर्षं चालायचा. कोपरा फाटायचा, कुठे ठिगळ लागायचं, कुठे हंसाची मान पुन्हा रंगवलेली दिसायची. या खुणा लावून तारीख नसलेले फोटो निदान मागे-पुढे तरी मांडता येतात. तुमच्याकडे असा पडदा गुंडाळून ठेवलेला असेल, तर त्याचा ताडपत्रीसारखा वापर थांबवा, आणि निदान तो पूर्ण उलगडून त्याचा एक फोटो काढून ठेवा. फोटो काढणं तुम्हाला शिकवायला नको.

कागदांच्या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर, बळदांत कुजणारी दप्तरं त्यांनी बाहेर काढली, आणि त्यांतून इतिहासाच्या साधनांचे २२ खंड उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांच्या नावानं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाची बाडं इथेच गोळा केली. मोडी कागद जपावा हे या गावाला कुणी सांगावं लागत नाही. फोटोंच्या वाट्याला मात्र असा कुणी आला नाही. चाळीसगावचे केकी मूस हा अपवाद म्हणावा तर तो वेगळ्या जातीचा. दशकानुदशकं घराबाहेर जवळपास न पडता त्यांनी टेबलावर मांडणी करून अद्भुत फोटो काढले. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले, आणि त्यांचं घर, त्यांचे फोटो आज बघता येतात. पण ते कलावंत म्हणून जपले गेले, ते योग्यच झालं. धुळ्यात पाचकंदिलाजवळ चाळीस वर्षं पासपोर्ट काढणाऱ्याला कलावंत कोण म्हणणार? त्याला इतिहासकार म्हणायची मात्र माझी तयारी आहे. त्यानं नोंद ठेवली, आणि नोंद ठेवणारा माणूस असा जागोजागी भेटत नाही.

नोंदीची ताकद धुळ्याला वेगळी सांगायची गरज नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली. कॅमेरा नव्हता, टेपरेकॉर्डर नव्हता. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. ती प्रवचनं पुढे देशभर वाचली गेली.

आता तुमच्या मनातल्या अडचणींकडे येते. त्या खऱ्या आहेत, आणि आमच्यासारख्यांनीच वाढवून ठेवल्या आहेत.

पहिली अडचण जागेची आणि पैशाची. स्टुडिओ मोबाइलनं खाल्ला. गाळ्याचं भाडं भरायचं की पेट्या सांभाळायच्या? चांदी काढणारे फिल्म किलोच्या भावानं नेतात. काचेच्या प्लेटा तर पूर्वीच गरम पाण्यानं धुऊन फ्रेमच्या काचा म्हणून विकल्या, असं मला एकाहून अधिक दुकानांत सांगितलं गेलं. कुणाच्या देवघरातल्या तसबिरीवर आज जी काच आहे तिच्यावर कधीकाळी एखाद्या गिरणी कामगाराचा चेहरा होता, असं असू शकतं. तुम्हाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वस्तूची शहरानं कधी विचारपूसच केली नाही, ती सांभाळण्याचा खर्च एकट्या दुकानदारानं का उचलावा? जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकात सुरू झाली, तिच्या भोंग्यावर पिढ्या जगल्या, आज त्या जागेला खानदेश सेंट्रल म्हणतात. मिलच्या कामगारांनी निवृत्तीला, पूजेला, बोनसच्या दिवशी स्टुडिओत जाऊन काढलेले ग्रुप कुठल्या सरकारी दप्तरात असणार? असले तर तुमच्या पेट्यांत आहेत.

दुसरी अडचण विश्वासाची. काही संस्थांनी पेट्या नेल्या, पावती दिली नाही, परतही केल्या नाहीत. काही हौशी मंडळी "दादा, दोन मिनिटं बघू द्या" म्हणून मोबाइलनं फोटो मारून जातात, आणि संध्याकाळी तोच फोटो 'जुनं धुळे' म्हणून स्वतःच्या नावाच्या वॉटरमार्कसह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. ज्यानं उन्हात तिपाई लावून, काळ्या कापडात डोकं घालून तो काढला त्याचं नाव कुठेच नाही. हे चीड आणणारं आहे, आणि तुम्ही दार लावून घेतलंत तर त्यात तुमची चूक नाही. म्हणून अटी तुम्ही घाला. पेटीची मोजदाद तुमच्यासमोर, शिक्क्याची पावती, परत करण्याची तारीख, आणि प्रत्येक फोटोखाली स्टुडिओचं नाव. एवढं लेखी द्यायला जी संस्था कां-कू करील तिला पेटी देऊ नका. आमच्या दप्तरखान्यालासुद्धा.

तिसरी गोष्ट कायद्याची, ती बऱ्याच जणांना ठाऊक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो. निगेटिव्ह ही वस्तू तुमची, पण ते छापून वाटेल तसं वापरायचा हक्क आपोआप तुमचा नाही. आमचाही नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माणुसकी आहे. लग्न ठरवण्यासाठी काढलेला एखाद्या मुलीचा फोटो, पुढे तिचं लग्न दुसरीकडे झालं, ती आज आजी आहे, तिला तो फोटो प्रदर्शनात लागलेला आवडेल का? पोलिसांसाठी काढलेले अपघाताचे, पंचनाम्याचे फोटो तर कुणालाच दाखवायचे नाहीत. प्रेताला बसवून घरच्यांनी काढून घेतलेले फोटोही असतात, त्या काळी तोच एखाद्याचा एकुलता एक फोटो असे. हे सगळं बंद पाकिटात वेगळं ठेवायचं, बघायला देण्याआधी घरच्यांना विचारायचं. आणि घरचे कोण हे शोधायलासुद्धा वहीच लागते. वहीतलं नाव-गाव हे जसं इतिहासाला उपयोगी, तसंच ते नको तिथे उघडं पडू नये म्हणूनही जपायला हवं. म्हणून वही स्कॅन केली तरी ती जशीच्या तशी सगळ्यांना खुली करावी असं माझं मत नाही. आमच्याकडे यावर वाद चालू आहे. तो चालू राहिलेला बरा.

ज्यांना आत्ता लगेच कुणालाच काही द्यायचं नाही, त्यांनी निदान घरातल्या घरात एवढं करावं. पत्र्याखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. पेट्या खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. कूलरच्या खोलीत ठेवू नका. माणसाला गार वाटतं, पण ओल्या हवेनं निगेटिव्हवर बुरशी धरते. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती फिल्म सडायला लागली आहे असं समजा. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण तो वास शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो. स्कॅन करायची तर तिच्यापासून सुरुवात करा. फार जुनी, १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेट घेते. देवघर, गॅस, मीटरबोर्ड यांच्यापासून ती लांब हवी. काचेच्या प्लेटा आडव्या एकीवर एक रचू नका, खालच्या तडकतात. लांब कडेवर उभ्या ठेवा, मध्ये साधा कागद घाला. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन, प्लॅस्टिकची पिशवी यांतलं काहीही नको. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं नाही. वहीला वाळवी लागली असेल, तरी उन्हात उघडी टाकू नका. सावलीत पानं उलटून मऊ ब्रशनं झटका.

स्कॅनचं म्हणाल, तर मोबाइलनं काढलेली प्रत ही काहीच नसण्यापेक्षा बरी, पण ती प्रत झाली म्हणून मूळ टाकून देऊ नका. प्रत मात्र एकाहून जास्त ठिकाणी हवी. या बाबतीत अजिंठ्याची गोष्ट आपल्या दाराशी आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिल यांचे कॅमेऱ्यानं काढलेले फोटो मात्र टिकले, कारण त्यांच्या प्रती अनेक जागी होत्या. तोच गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. भुसावळचे स्टुडिओवाले हे पत्र वाचत असतील, तर तुमच्या गावात हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एकाची कबर आहे, एवढं ध्यानात असू द्या.

भुसावळवरून आठवलं. रेल्वेच्या वसाहतीतले, शेडमधले, बदली होऊन जाणाऱ्या साहेबांच्या निरोपाचे ग्रुप भुसावळच्या स्टुडिओंत शेकड्यांनी निघाले असणार. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नेहरू, गांधीजी, नंदलाल बोसांनी बांबूपासून उभारलेली सजावट, याचे फोटो आपण पुस्तकांत पाहतो. पण तिथे आसपासच्या गावांतून जी माणसं गेली, त्यांतल्या कुणी परतताना सावद्याला, रावेरला किंवा भुसावळला टोपी सारखी करून फोटो काढून घेतला असेल. त्या डिसेंबरच्या अखेरच्या तारखा कुणाच्या वहीत असतील, तर मला फार बघायच्या आहेत. हा हावरटपणा आहे, कबूल.

धुळ्याची, चाळीसगावची, अमळनेरची मंडळी, तुम्हालाही हेच. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेला पूर आला, धुळ्यातली शेकडो घरं गेली. तो आपल्याला गॅझेटिअरमधून कळतो, फोटोतून नाही. पुढचे पूर तुमच्या हयातीतले आहेत. पुलावर उभं राहून काढलेला एखादा रोल कुठेतरी असणार. त्याला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वहीत तो चढला नसेल, तर आज आठवतंय तोवर पाकिटावर लिहून टाका. कुठून काढला, सकाळ की संध्याकाळ, पाणी कुठवर होतं.

एक शेवटचं. मी ज्या स्टुडिओंत गेले तिथे काही ठिकाणी टचिंगचं (निगेटिव्हवरचे डाग झाकण्याचं) काम आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरण्याचं काम घरातल्या बायका करत होत्या. रात्री जेवणं झाल्यावर, दिव्याखाली, बारीक ब्रशनं. शिक्क्यावर नाव दुकानाचं, वहीत अक्षर मालकाचं. डार्करूममधला पोऱ्या, जो पुढे स्वतःचा स्टुडिओ काढून बसला, त्याचंही नाव कुठे नाही. वही देताना तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर ही नावं लिहून द्या. कोणाची आई, कोणाची काकू, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. पेन्सिलनं.

ज्यांना बोलवायचं असेल त्यांच्याकडे आम्ही स्कॅनर घेऊन घरी येऊ. पेटी तुमच्या दारातून बाहेर जाणार नाही, हवं असेल तर तुम्ही शेजारी बसून राहा, जुन्या गोष्टी सांगा, आम्हाला त्याही लागतात. फक्त मृग लागायच्या आत माळे एकदा उघडून बघा, कारण पत्रा गळतो हे पहिल्या पावसानंतर कळून उपयोग नसतो. शिडी नसेल तर आम्ही आणतो.

आपली,
धुळ्यातली एक इंटर्न